कोऱ्या कागदावरची सही

दिल्लीच्या एका विद्यापीठात चाळीस जागांसाठी नऊ हजार अर्ज येतात आणि सोबत शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. त्यासाठी साधना राळेगावच्या शाळेत तिसऱ्यांदा आली होती. आधीच्या दोन्ही वेळा ढोके सरांनी एसटीच्या पासासाठी देतात तोच छापील दाखला भरून दिला होता: वर्तणूक चांगली आहे. “सर, मी कशी हाय ते लिवा ना. पाचवीपासून शिकवलं तुम्ही मले.” “याच दाखल्यावर साऱ्या पोरायचं काम होते, तुयंच काहून नाई होत?” सर वैतागले. त्यांनी शाळेच्या कोऱ्या लेटरहेडवर सही केली, शिक्का मारला आणि कागद तिच्यापुढे सरकवला. “घे, तूच लिव वरती काय लिवाचं ते.” अर्जाची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. व्हरांड्यात बसून तिनं तणतणत पेन उघडलं, पहिली ओळ लिहिली: कुमारी साधना हिची वर्तणूक चांगली आहे.