मोकळा मणी

मणी मोकळा होता. तिनं प्रोग्राम पुन्हा चालवला, पुन्हा तेच उत्तर. आसपास कुणी नाही, कुणाला टेकलेला नाही, नुसता बाहेर लोंबतोय. तिचा जीव भांड्यात पडला.

तिचं कामच ते होतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. ही माळ सरळ कधी राहत नाही, स्वतःभोवती गुंडाळी करून बसते, आणि मग लांबलांबचे मणी एकमेकांना येऊन चिकटतात. कोण कुणाला चिकटलाय, किती जवळ आहे, हे ती दिवसभर संगणकावर मोजायची. चिकटलेला मणी बदलला की सगळी गुंडाळी डळमळते. बाहेर लोंबणाऱ्या मण्याच्या जागी दुसरा कुणी आला, तर सहसा कुणाचं काही बिघडत नाही.

आज तिच्या पडद्यावर हृदयाच्या ठोक्याला लागणारं प्रथिन होतं. आणि बदललेला मणी तिच्या थोरल्या बहिणीचा होता.

दादा गेल्या वर्षी मैदानात खेळताखेळता कोसळला, तो उठलाच नाही. मग दोघी बहिणींची तपासणी झाली. धाकटी सुटली. थोरलीचा मात्र हा एक मणी बदललेला निघाला. "असा बदल आम्ही याआधी पाहिलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "घातक असेल, नसेलही. पण तोवर पाण्यात उतरू नका, आणि लगेच भरती व्हा. ठोक्यांवर नजर ठेवू."

थोरली पोहायला शिकवायची. पाण्याबाहेर तिला करमायचं नाही, आणि दवाखान्याचं तर तिला वावडंच. "डॉक्टरांचं राहू दे," ती सकाळी फोनवर म्हणाली होती. "तू बघून सांग. तू 'भी' म्हणालीस तर भ्यायचं, नाहीतर दुपारी माझी पोरं आणि मी तलावात."

"वा गं म्हातारे! खापर फोडायला माझंच डोकं सापडलं?" दोनच वर्षांनी मोठी असलेली बहीण, पण धाकटीनं तिला कळायला लागल्यापासून म्हातारीच केली होती.

"मग काय तर. अक्कल दिलीय ना देवानं? वापर कधीतरी."

तर मणी मोकळा निघाला. धाकटीनं लगेच फोन लावला. "ताई, काही नाहीये गं. कुणाला शिवतसुद्धा नाही तो. तू खुशाल जा पोहायला. अजिबात काळजी करू नकोस हं."

 मग "बरं," एवढंच म्हणून थोरलीनं फोन ठेवून दिला.

दुपारी शेजारच्या टेबलावरचे मास्तर चहाचा कप घेऊन तिच्या मागं येऊन उभे राहिले. ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते, पण दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय त्यांना चहा पचत नसे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे.

"एकच माळ?" त्यांनी पडद्याकडं बोट केलं. "अगं, हे प्रथिन जोडीनं राहतं ना? हिचा जोडीदार कुठाय?"

 फाइलीत एकच माळ असते, जोडीदार आपण उभा करायचा आणि मगच मोजायचं. नव्यानं आलेल्या प्रत्येकाला ती हेच बजावायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि तिला ठाऊक नव्हतं असंही नाही. सकाळपासून ती भेदरलेली होती. मोकळा मणी दिसला आणि पुढं बघायची तिची छातीच झाली नाही.

तिनं जोडीदार उभा केला. दुसरी माळ फिरून पहिलीला येऊन भिडली, आणि तो एकटा लोंबणारा मणी थेट तिच्या कुशीत शिरला. आता पडदा चिकटलेल्या मण्यांच्या जोड्यांनी भरून गेला. दोन्ही माळांनी एकमेकींना धरलं होतं ते नेमकं तिथंच.

"अगं बाई!" तिनं थोरलीला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग तिनं तलावावर फोन लावला.

"मॅडम आज आल्याच नाहीत," तलावावरचा माणूस म्हणाला. "फोनही उचलत नाहीत. पोरं काठावर बसून राहिलीत."

 पाण्यात नाही, मग कुठं? रस्त्यात? घरी, एकटी, दार आतून लावलेलं? तिला दादा दिसला, मैदानात पालथा पडलेला. आणि खुशाल जा म्हणून सांगणारी तीच होती. ती पर्स उचलते तोच तिचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. दादाच्या वेळीही असाच अनोळखी नंबर आला होता. तिला तो घेववेना. शेवटी मास्तरांनीच बटण दाबून फोन तिच्या कानाला लावला.

"अगं, मी बोलतेय. नर्सबाईंचा फोन आहे हा. माझा गडबडीत घरीच राहिला. छातीला सगळीकडं वायरी चिकटवून ठेवल्यात मेल्यांनी, हलू देत नाहीत."

"तू... तू भरती झालीस?" तिला रडूच फुटलं. "पण मी तर तुला पोहायला जा म्हणाले होते! मी अर्धंच बघितलं गं, म्हातारे. मी चुकले."

"तुझा फोन आला तेव्हाच समजले मी, तू घाबरलीयस ते."

"कशावरून?"

"गाढवे," थोरली खेकसली, "जन्मात कधी मला ताई म्हणाली होतीस?"