मॅडमचा शब्द

दारू आणि घरसंसार यावर अभ्यास करायला नागपूरहून आलेल्या वैभवी मॅडमनं शब्द दिला, "ताई, तुमचं नाव कुठंच येणार नाही," तेव्हा कुठं पंचफुलानं तोंड उघडलं. नवरा दौलतराव पिऊन आला की कसा हात पिरगाळतो, लेकरं भिऊन कशी गोठ्यात जाऊन निजतात, जे मायलाही कधी सांगितलं नव्हतं ते सगळं तिनं सांगून टाकलं.

उन्हाळ्यात मॅडम पुन्हा आल्या. समाजमंदिरात पडदा लावून अभ्यासात काय सापडलं ते त्यांनी गावाला दाखवलं. दिल्या शब्दाप्रमाणे त्यांनी नाव खरंच बदललं होतं. पडद्यावर मोठ्या अक्षरात आलं, 'ज्योत्स्नाची कहाणी'. खाली बारीक इंग्रजीत नाव बदलल्याचं लिहिलं होतं, ते कोणी वाचलं नाही.

गावात ज्योत्स्ना एकच, पंचफुलाच्या भिंतीला भिंत लागून राहणारी. तिचा नवराही पिणारा आणि मारणारा. तो उठला आणि बायकोचं मनगट धरून तिला घरी घेऊन गेला. पंचफुलाच्या ओठावर शब्द आला होता, पण बाजूला दौलतराव बसला होता.

दिवेलागणीला भिंतीपलीकडून ज्योत्स्नाचं ओरडणं सुरू झालं. "म्या नाई सांगतलं, देवाशपथ म्या नाई सांगतलं."



दौलतरावनं आपल्या ताटातली अर्धी भाकर मोडून पंचफुलाच्या ताटात ठेवली. "तू गुनाची हायेस," तो म्हणाला. "घरातली गोष्ट घरातच ठेवतं."