नाखव्यांचा खुंटा

सोहनी मॅडम बाराव्या दिवशीही समुद्राच्या तळाशी बुडी मारून रिकाम्या हातांनी वर आल्या. मध्ययुगात या बंदरात अरबांची गलबतं येत. त्यांचा एक तरी दगडी नांगर सापडायला हवा होता. नाहीतर उद्या त्यांचा पुरातत्त्व प्रकल्प बंद.

“दिसतो कसा हो तो?” त्यांना रोज होडीतून नेणाऱ्या कासम नाखव्यांनी अखेर विचारलं.

मॅडमनी चित्र दाखवलं. उभा दगड, वर एक गोल भोक, खाली दोन चौकोनी.

नाखव्यांनी चित्र उलटं धरलं. “आधी नाय दाखवायचं? मग रोज होडी कुठल्या दगडाला बांधतो आपण?”

धक्क्याजवळ तो दगड चिखलात उलटा रोवलेला होता. एका चौकोनी भोकातून होडीचा दोर गेला होता. मॅडम त्यावर रोज ओले कपडे वाळत घालायच्या. आज त्यांनी त्याला मिठी मारली.

“संग्रहालयात काचेआड ठेवू!”

“म्हणजे धडधाकट असताना रिटायर करणार?” नाखवा म्हणाले. “आणि माझी होडी काय तुमच्या काचेला बांधू?”

मॅडम हसल्या. दगड जागीच राहिला, त्याच्या नोंदीवर प्रकल्पही वाचला. अहवालात ‘वस्तूची सद्यस्थिती’ या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: ‘सेवेत आहे.’