चूर्णाची वाटी

आयुष्यभर दुसऱ्यांची पोटं उघडणारे डॉक्टर आज स्वतः स्ट्रेचरवर आडवे होते आणि त्यांचा जीव नुसता वरखाली होत होता. "सर चक्क घाबरलेत," नर्स कुजबुजली. पण धास्ती ऑपरेशनची नव्हतीच. त्यांची बायको, म्हणजे गावभर नाव असलेल्या वैद्यबाई, रक्तदाबावर स्वतःचंच चूर्ण घ्यायच्या आणि "गोळीशिवाय बघा कसा ताब्यात आहे," असं येईल त्या पेशंटला ऐकवायच्या. त्या अंघोळीला गेल्या की डॉक्टर रोज सकाळी रक्तदाबाची गोळी कुटून गुपचूप त्यांच्या चूर्णाच्या वाटीत मिसळायचे. आता आठवडाभर ती कोण मिसळणार? सांगावं तर बाईंचा पाणउतारा, न सांगावं तर त्यांच्या जिवाशी खेळ.

ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं, स्ट्रेचर हललं. डॉक्टरांनी बायकोचा हात घट्ट धरला. "अगं, तुझं ते चूर्ण..."

त्या कानाशी वाकल्या. "अहो, माझ्या हातचं चूर्ण मला ओळखू येत नाही होय? गोळ्या कुठं लपवून ठेवता, तेवढं सांगून आत जा."