हिला द्यायचं?

मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि पोरांचा लोंढा शाळेच्या कॅन्टीनच्या खिडकीवर येऊन आदळला. तेल तापलेलंच होतं. कॅन्टीनवाल्याने बटाट्याचे काप कढईत सोडले, झाऱ्याने हलवले, मान वर केली, तर रांगेत त्याची स्वतःची मुलगी उभी.

कालच तर डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं. सातवीतली पोर, आणि यकृतावर चरबी, रक्तातली साखर काठावर. मानेवरचा काळा पट्टा बोटाने दाखवून त्या म्हणाल्या होत्या, "हा मळ नाही, याच आजाराची खूण आहे. घासून जाणार नाही." त्याची बायको खाली बघत राहिली. गेले कित्येक महिने ती लेकीला आंघोळीला बसवून ती मान घासत होती, आणि वर आळशी म्हणून ओरडत होती. "औषध आत्ताच नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "ताट बदला. तळलेलं बंद, गोड पेयं बंद. या वयात वळवलं तर वळतं."

घरी आल्या आल्या नवरा-बायकोने फडताळ रिकामं केलं. लेक दारात उभी राहून बघत होती. रडली नाही की भांडली नाही. आज सकाळी आईने डब्यात उकडलेले मटार, काकडी आणि एक अंडं दिलं, तेही तिने मुकाट्याने दप्तरात टाकलं.

आणि पहिल्याच दिवशी ही रांगेत!

खिडकीच्या दुसऱ्या टोकाला बायको गोड पेयांच्या बाटल्या उघडून पोरांच्या हातात देत होती. तिनेही लेकीला पाहिलं. 'तुम्हीच बोला,' असं तिने नवऱ्याला डोळ्यांनी सांगितलं.

रांग सरकली. लेक समोर आली. तिच्याबरोबर तिची मैत्रीण होती, जिला सगळा वर्ग ढब्बू म्हणायचा आणि तीही त्या हाकेला हसून ओ द्यायची. एक जिना उतरून आली होती, तरी तिला धाप लागली होती.

"तुझा डबा आहे ना गं?" त्याने आवाज बारीक करून लेकीला विचारलं.

"आहे की. अर्धा घंटेआधीच खाल्लासुद्धा. मला नकोय बाबा, मी हिच्यासोबत आलेय."

त्याचा जीव भांड्यात पडला. पोरीवर उगाच संशय घेतला म्हणून लाजही वाटली.

"काका, मला डबल," ढब्बू म्हणाली. "रोजच्यासारखं. वरून मीठ जास्त."

त्याने झारा कढईच्या काठावर निथळवला, ताटली पुढे ओढली.

"बाबा, हिला द्यायचं?"

त्या आवाजात खोडी नव्हती. गणित अडलं की ती अशीच विचारायची.

"का? हिला का नाही द्यायचं?"

"वाईट असतं म्हणालास ना काल."

"ते तुला. तुझ्या तपासणीत आलंय तसं."

"हिची कुठे केलीय तपासणी?"

"कसली तपासणी गं?" ढब्बूने विचारलं.

"हे बघ," तो म्हणाला, "ते तिच्या आईबाबांनी बघायचं."

"ते कुठे असतात इथे?" लेक म्हणाली. "इथे तर तूच असतोस."

मागून पोरं ओरडायला लागली. "ओ काका, चला ना, घंटा होईल!" बायको म्हणाली, "अहो, रांग खोळंबलीय."

त्याने ताटलीत थोडेसेच काप घातले.

"एवढेच?" ढब्बूचं तोंड एवढंसं झालं.

आणि त्याचा हात चालला. इतक्या वर्षांचा सराईत हात तो. डोकं काही ठरवायच्या आत झारा कढईत जाऊन आला, ताटलीवर ढीग झाला, वर मीठही पडलं. ढब्बूचा चेहरा उजळला. "थँक्यू काका!" म्हणत ती वळली. तिच्या दोन वेण्यांच्या मधे, मानेवर, तसाच काळा पट्टा होता.

लेक मैत्रिणीचा हात धरून बाकाकडे गेली.

पुढची सगळी सुट्टी तो तळत राहिला. एरवी त्याला खिडकीत नुसते हात दिसायचे, पुढे केलेले, घाई करणारे. आज एकेक पोर वळून जाताना त्याची नजर मानेवर जात होती. बघायचं नाही म्हटलं तरी जात होती.

घंटा झाली. पटांगण रिकामं झालं. त्याने गॅस बंद केला आणि तेलाकडे बघत उभा राहिला. बायकोने बटाट्यांचं पोतं पुढे ओढलं, विळी घेतली.

"उद्या अर्धेच चिर," तो म्हणाला.

"फाटकाबाहेर वडापावची गाडी लागते. आपण नाही दिलं तर पोरं तिथे खातील."

"माहीत आहे."

"मग?"

"अर्धेच चिर म्हटलं ना."

तिने एक बटाटा उचलला. विळीवर धरला, पण चिरला नाही. तशीच, मान वर न करता तिने विचारलं,

"आणि ते अर्धे कोणाच्या पोरांना द्यायचे?"