पडलेलं झाड, उभी गाडी

झाड पडलं पहाटे पाचला. गाडी त्याच्याखाली गेली सात वाजता.

शनिवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये नवऱ्याने ती खांबावर नेऊन आदळली होती. बॉनेट पार चेपलं होतं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा त्याने कधी काढलाच नव्हता. "मी काय नवशिका आहे?" असं तो एजंटाला ऐकवायचा. त्यामुळे दोन दिवस गाडीवर कव्हर घालून, तोंड मिटून बसला होता. आज वादळाने शेजारच्या मास्तरांचं झाड कुंपणाच्या भिंतीवर आडवं पाडलं. त्याची एक जाड फांदी गल्लीवर लोंबत राहिली. खिडकीतून ते बघून नवरा गालातल्या गालात हसला.

त्याने बायकोला झोपेतून उठवलं. "पाच मिनिटांचं काम आहे. गाडी सरळ पुढे घ्यायची, बस." ती उठली आणि स्टिअरिंगवर बसली. गाडी फांदीखाली येताच त्याने पहारीने फांदी भिंतीवरून सरकवली. ती धप्पकन बॉनेटवर बसली. तो दोन पावलं मागे गेला, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाला, "झकास!"

अकराला सर्व्हेअर आला. मास्तरांच्या घराचा विमा ज्या कंपनीकडे होता, तिचा माणूस. मास्तर त्याच्या आधीपासूनच गल्लीत उभे होते. सत्तरी ओलांडलेले, जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेले. गाडीवरच्या डहाळ्या ते एकेक करून हाताने उचलत होते. सकाळपासून त्यांनी चारदा माफी मागितली होती आणि नवऱ्याने चारही वेळा मोठ्या मनाने ती दिली होती.

"चालायचंच, मास्तर. कुणाच्या जिवावर बेतलं नाही हे काय कमी? इथेच पोरं खेळत असतात."

या गल्लीत पोरं खेळताना बायकोने कधी पाहिली नव्हती.

सर्व्हेअरने फोटो काढले. मग वही उघडून तो मास्तरांकडे वळला. "नीट ऐका आणि मग सांगा. धडधाकट झाड वाऱ्याने पडलं, तर दोष कुणाचाच नाही. पण झाड पोखरलंय हे माहीत असून तुम्ही ते तसंच ठेवलं असेल, तर तो निष्काळजीपणा. मग कंपनीही हात वर करते, भरपाई तुमची तुम्हाला द्यावी लागते. तर आता सांगा, माहीत होतं?"

विचारताना त्याने स्वतःच हळूच मान नकारार्थी हलवली. आंधळ्यालाही कळावं असं.

मास्तरांना कळलं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

"होतं," ते म्हणाले. "मागच्या वर्षी माळ्याने सांगितलं होतं. पण आमची ही अंथरुणाला खिळलेली. खिडकीतून तिला तेवढंच दिसायचं. म्हटलं, राहू दे."

"लिहा!" नवरा पुढे झाला. "स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय. लिहून घ्या, साहेब, मागून शब्द फिरवतील!"

"मी कशाला फिरवू?" मास्तर म्हणाले. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता.

बायको दारात उभी होती. नवऱ्याला ती पंधरा वर्षं बघत आली होती. हॉटेलात बिलाच्या वेळी फोन काढणारा, मित्राच्या छत्रीखाली जाऊन आपली कोरडी ठेवणारा. त्याला ती आजवर कंजूष म्हणायची. तो शब्द फारच सौम्य होता हे तिला आत्ता कळलं.

"साहेब," ती पायऱ्या उतरून खाली आली. "झाड पडलं तेव्हा गाडी इथे नव्हती."

"अगं ए!"

"बॉनेट शनिवारी फुटलंय, खांबावर. सकाळी सातला गाडी मी इथे आणली. फांदी ह्यांनी पाडली."

"हिचं काही ऐकू नका, साहेब. ही झोपेत होती."

"झोपेत होते, तर गाडी चालवली कुणी?"

सर्व्हेअर पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसला, खाली हात घातला आणि मूठभर ओली पानं बाहेर काढली. चाकाने रस्त्यावर चिरडलेली, हिरवा रस निघालेली. त्याने मूठ नवऱ्यासमोर उघडली.

"झाड वरून पडलं म्हणता. मग ही आधीच चाकाखाली कशी?"

नवऱ्याने पानांकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा उजळला.

"बरं, बॉनेटचं सोडा. पण हे ओरखडे बघा. हे तर झाडाचेच आहेत ना? तेवढे तरी धरा."

मास्तरांनी मान खाली घातली. चोरी पकडली गेली होती ती जणू त्यांचीच.

सर्व्हेअरने वहीत चार ओळी लिहिल्या. बायकोने वाचल्या आणि खाली सही केली. मग ती आत गेली आणि पाण्याने भरलेला तांब्या घेऊन आली. सर्व्हेअरचे हात चिखलाने भरले होते, त्यांवर तिने पाणी घातलं. मास्तरांचे हात सालपटांनी काळे झाले होते, त्यांवरही घातलं, अगदी सावकाश, बोटं स्वच्छ होईपर्यंत.

नवऱ्यानेही हात पुढे केले.

तांब्यात अजून पाणी होतं. ती तो तसाच घेऊन मास्तरांच्या फाटकातून आत गेली, त्यांच्या बायकोची विचारपूस करायला.