आरतीआधी उठू नये

कीर्तनकार सोमाजीबुवांना म्हातारपणी विसर पडत गेला; आधी आख्यानं गेली, मग बायकोची ओळख. दिवस मावळला की ते जंगलाची वाट धरत. शेवटी ठमाबाईनं नवऱ्याला चांद्याला सुया टोचणाऱ्या डॉक्टरकडे आणलं. डॉक्टर म्हणाले, “आठवण परत येईल असं म्हणत नाही, बाई. पण जीव शांत होईल. सुया तेवढ्या अर्धा तास राहू द्या.” बुवा तर दुसऱ्या सुईलाच उठले. कीर्तनातून आरतीआधी उठू नये, हा बुवांचाच दंडक. तो आठवून, जन्मभर मागं बसून ऐकलेलं सुदाम्याचं आख्यान तिनं लाजत लाजत लावलं. बुवा बसले, कपाळावरच्या सुयांसकट डोलू लागले. सुया निघाल्यावर हात जोडून म्हणाले, “बाई, गोड सांगता. कोनापासून शिकल्या?” “माह्या मालकापासून.” “भाग्याचा मानूस. त्यायले माहा नमस्कार सांगजा.” ठमाबाई त्यांच्या पाया पडली. “पोचला जी.”